दोन पट्ट्या खाली

आमच्या भागात एखाद्या भजनी मंडळाला नवी पेटी घ्यायची झाली की लोक अजून माझ्याकडे येतात. मी गाणं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली, आता कानात यंत्र आहे, तरी येतात. ओट्यावर बसतात, चहा होईपर्यंत कांद्याचं, बिबट्याचं बोलतात आणि मग मुद्द्यावर येतात. "आबा, तुमी आणलेली पेटी अजून वाजतीया राव. आमालाबी तसलीच सांगा एखादी. लई भारी नको, पण टिकली पायजे."

मग मी सांगतो. सगळ्यात स्वस्त पेटी घेऊ नका. तिचं लाकूड कच्चं असतं, आषाढात फुगतं आणि पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. सगळ्यात महागही घेऊ नका. तिच्यात जितक्या करामती जास्त, तितकं बिघडायला जास्त, आणि बिघडली तर इथे दुरुस्त कोण करणार? घडी घालून बॅगेसारखी उचलायची पेटी तर नकोच. जीपमधून चार गावं फिरली की तिचे स्क्रू ढिले होतात. मधल्या किमतीची, जुन्या सागवानाची, साध्या पेटाऱ्याची घ्या. भाता पूर्ण भरा, एकही पट्टी दाबू नका आणि बघत बसा. भाता सावकाश उतरला पाहिजे. भसकन बसला तर वारा कुठून तरी निसटतोय. मग एकेक पट्टी अगदी थोड्या वाऱ्यावर दाबून बघा. चांगला सूर कुजबुजीतही बोलतो, हलका सूर भाता जोरात मारल्याशिवाय तोंड उघडत नाही. घरी आणल्यावर आत कडुलिंबाचा पाला ठेवा, नाहीतर उंदीर भात्याचं चामडं खातात.

एवढं सांगितलं की लोक खूश होतात. जाताना कुणी तरी पाया पडतं. जे खरं सांगायला हवं ते सांगायचं राहतं, ते आज लिहितो.

आमचं गाव घोड नदीच्या काठाला, डिंभ्याच्या खालच्या अंगाला. मी धरणाच्या कामावर कारकून होतो, धाकटा भाऊ शेती बघायचा. मारुतीच्या देवळात आमचं मंडळ बसायचं आणि मंडळाचा मुख्य गाणारा मी होतो. हे सांगताना अजून छाती थोडी फुगते, ते खोटं कशाला बोलू? आंबेगाव-जुन्नरच्या पट्ट्यात आमची ओळख 'पांढरी पाचचं मंडळ' अशी होती. पेटीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांतली पाचवी, तिला षड्ज धरून गायचं म्हणजे पुरुषाच्या गळ्याला चढण असते. दुसरी मंडळं पांढरी चारला, नाहीतर त्याखाली थांबायची. सप्ताहात आमची पाळी आली की लोक विड्या विझवून आत येऊन बसायचे.

नव्वदच्या दशकात, माझी पन्नाशी उलटल्यावर, कार्तिकातल्या काकड्याला एका पहाटे माझा आवाज वरच्या सुराला पोचला नाही. थंडी आहे, घसा धरला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मकरसंक्रांत गेली, होळी गेली, घसा काही सुटला नाही. मी युक्त्या करू लागलो. ओळ वर जायची असली की हात उंचावून टाळकऱ्यांना खूण करायची, म्हणजे वरचा सूर सगळ्यांनी मिळून घ्यायचा आणि मी नुसतं तोंड उघडायचं. कुणाला कळलं नाही. फक्त धाकट्याने एकदा विचारलं, "दादा, घसा बसलाय का?" मी म्हटलं, "सुपारी लागली."

यावर उपाय सोपा होता. पांढरी चारला यायचं. पण मग आमच्यात आणि बाकीच्या मंडळांत फरक काय राहिला असता? आणि पांढरी पाच सोडली हे सप्ताहात चार लोकांसमोर कळलं असतं, तेव्हा पहिली मान माझ्याकडे वळली असती.

त्याच उन्हाळ्यात जुनी पेटी गेली. भात्याला भोकं पडली होती, अर्धे सूर मुके झाले होते. मंडळाने वर्गणी काढली आणि ठरवलं की मध्यम किमतीची, पण भरवशाची पेटी आणायची. पुण्याला मी आणि आमचा पेटीवाला गेलो. तो डेअरीवर दूध मोजायचा. कान बरा, हात फार चांगला आणि जीभ त्याहून चांगली.

बुधवार पेठेतल्या एका गल्लीत पेट्या बनवणाऱ्या एका कारागिराचं दुकान होतं. त्याने आधी सगळ्यात देखणी पेटी पुढे केली. लखलखीत पॉलिश, जागच्या जागी सूर बदलायची खटकी, पुढे काच. पेटीवाल्याने तिच्याकडे बघितलं, हात मात्र लावला नाही. "ही वाजवायची का देव्हाऱ्यात ठेवायची?" मग घडीची दाखवली. "ही पेटी हाय का पावण्याची बॅग?" स्वस्तातली दाखवली तेव्हा तो काही बोलला नाही. भाता भरून हात बाजूला घेतला. भाता बसला. "निजली," तो म्हणाला.

चौथी पेटी सागवानी होती, साधी, खर्जाचे आणि वरचे असे सुरांचे दोन संच असलेली. तिचा भाता भरून तो बोलत बसला, गावाकडे पाऊस किती, दुधाला फॅट किती, आणि भाता अजून पुरता उतरला नव्हता. पट्ट्या बोटाखाली लोण्यासारख्या जात होत्या. मीही वाजवून बघितली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि ठरलं. कारागीर म्हणाला, सूर अजून पक्के बसवायचे आहेत, पुढच्या आठवड्यात घेऊन जा.

पेटीवाला खुशीत होता. "दादा, मी कोपऱ्यावर चहा सांगतो," म्हणून पुढे गेला. मी पैसे द्यायला मागे थांबलो.

इथवर माझ्या हातून काही वाईट झालं नव्हतं. निवड उत्तम होती आणि ती दोघांची होती.

मी कारागिराला विचारलं, "सूर बसवायचेच आहेत, तर सगळे दोन दोन पट्ट्या खालचे बसवता येतील का?"

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. जो पेटी वाजवत नाही त्याच्यासाठी सांगतो. प्रत्येक पट्टीच्या आत एक पितळी सूर असतो. पट्टी दाबली की तो बोलतो. प्रत्येक पट्टीत, मधली काळी धरून, दोन पट्ट्या खालचा सूर बसवला, तर बोट दिसणार पांढरी पाचवर आणि आवाज निघणार पांढरी चारचा. पेटी स्वतःशी तंतोतंत सुरात. बाहेरच्या जगाशी मात्र नाही.

"बसवता येतील," तो म्हणाला. "पण कशासाठी?"

"आमच्या मंडळाचं तसं ठरलंय."

"उद्या तुमच्यातलं कुणी दुसऱ्याच्या पेटीवर गायला बसलं तर फसेल."

"ही पेटी आमच्या देवळाबाहेर जाणार नाही."

"पेटी नाही जाणार हो. माणूस जाईल ना," तो म्हणाला. मी पैसे मोजायला लागलो. तेव्हा तो म्हणाला, "निदान तुमच्या पेटीवाल्याला सांगून ठेवा."

मी हो म्हटलं. कोपऱ्यावर पेटीवाला दोन कप चहा घेऊन उभा होता. मी त्याला काही सांगितलं नाही. आठवड्याने पेटी आणायला मी एकटाच गेलो. परतीच्या एसटीत मांडीवर घेऊन बसलो, कुणी मूर्ती आणावी तशी.

पहिल्या गुरुवारी देवळात जागा नव्हती. पेटीवाल्याने पांढरी पाचवर बोट ठेवलं आणि मी आवाज लावला. आवाज लागला. कुठेही ओढ नाही, ताण नाही, वरच्या सुराला जाऊन थांबताही येत होतं. पखवाजवाला चामड्याच्या कडेला हातोडी मारून सूर जुळवत म्हणाला, "पान लई सैल सोडावं लागतंय आज." मी म्हटलं, "नवी पेटी आहे, बसायला वेळ लागेल." जुनी पेटी इतकी बेसूर झाली होती की तिच्या आवाजाशी कुणी ताडून बघू शकत नव्हतं. भजन संपल्यावर म्हातारी माणसं म्हणाली, दादाचा गळा मोकळा झाला, पेटीचा पायगुण. धाकटा तर घरी येईपर्यंत बोलत होता.

लाज वाटायला हवी होती. मला त्या रात्री शांत झोप लागली.

पुढे मी एवढीच काळजी घेतली की दुसरी पेटी आमच्या पेटीशेजारी कधी बसू नये. सप्ताहात कीर्तनकारांची साथ करायला त्यांची पेटी आली की मी आमची आधी उचलायला लावायचो. आपल्या पेटीला परक्याचा हात नको, असं म्हणायचो. लोकांना वाटायचं, मी पेटीला किती जपतो.

धाकट्याची बायको पिंपरी पेंढारची. तिचे वडील गाणारे होते आणि तिचा आवाज तिकडे नावाजलेला होता. आमच्याकडे आल्यावर तिचं गाणं जात्याएवढंच राहिलं, पुढे गिरणी आली आणि तेही गेलं. मी थोरला दीर. आमच्यात भावजय थोरल्या दिरासमोर बसत नाही, डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही, आणि काही सांगायचं तर दाराआडून किंवा नवऱ्याच्या तोंडून सांगते. म्हणून तिने धाकट्याकडून विचारलं की, बायकांचं मंडळ काढलं तर दुपारी देवळातली पेटी मिळेल का. मी लगेच होकार दिला. उदारपणाचा आव आणायला मला आवडायचं.

पेटीवाला डेअरीची सकाळ उरकली की दुपारी बायकांना साथ द्यायचा. ती माहेरी गायची तशी काळी पाच धरून गायची. बायकी गळ्यालाही ती पट्टी चढीच. महिन्याभराने ती एकदा चहा ठेवायला आली आणि दाराच्या चौकटीला धरून, मान खाली घालून, माझ्याशी स्वतःहून बोलली.

"भावजी, एक इचारू? हितं काळी पाच लई सोपी जाती. माहेरी वर गेलं की दम लागायचा."

हा प्रश्न तिने गावात एकाच माणसाला विचारला, कारण गाण्यातलं कळणारा तिच्या लेखी तोच होता. मी म्हटलं, "वय वाढतं तसा गळा पिकतो. सराव ठेव."

ती हसली. मी तिला हसताना तोवर फारसं पाहिलं नव्हतं. आणि तिने सराव ठेवला. गळा पिकलाय असं थोरल्या दिराने सांगितल्यावर तिने चाली बदलल्या. माहेरी जिथे खाली यायची तिथे आता वर जाऊ लागली. एका अभंगाचा अंतरा तिने इतका उंच बांधला की पेटीवाला मला म्हणाला, "दादा, तुमच्या घरात तुमाला तोड निघाली." तो अंतरा खऱ्या काळी चारवर बांधलेला होता. ते फक्त मला माहीत होतं.

पुढच्या एका वर्षी नारायणगावाशेजारी वारूळवाडीत भजन स्पर्धा होती, बायकांच्या मंडळांचीही. धाकट्यानेच नाव दिलं. त्याला बायकोचा इतका अभिमान मी कधी पाहिला नव्हता. दोन जीप केल्या. आम्ही पेटी घेऊन निघालो तेव्हा निरोप आला की वेळ जायला नको म्हणून पेटी आणि पखवाज संयोजकांचाच राहील, आपापला वाजवणारा तेवढा आणावा. आमची पेटी पुन्हा देवळात ठेवली गेली. जीप सुरू झाली. मला कळलं होतं की आता काय होणार आहे.

वाटेत मंचरला चहाला थांबलो. बायका दुसऱ्या जीपमध्ये बसून होत्या. मी तिथवर गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "स्पर्धेत घसा कोरडा पडतो. एखादी पट्टी खाली धरली तर चालेल."

ती पदर सावरत म्हणाली, "सराव काळी पाचचा झालाया, भावजी. आता उतरलं तर पोरी गोंधळतील."

एकीने आतून टोमणा मारला, "दादांना भ्या वाटतंय, त्यांच्या परीस वर जाऊ म्हून." सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि चहाचे पैसे द्यायला गेलो. खरं कारण सांगितल्याशिवाय ती ऐकणार नव्हती आणि खरं कारण सांगायचं तर जीपभर बायकांसमोर सांगायला लागणार होतं. मी माझ्या बाजूने प्रयत्न केला, असं वारूळवाडीपर्यंत स्वतःला समजावत राहिलो.

मांडव मोठा होता. धाकटा आणि मी पुढच्या रांगेत बसलो. आमचं मंडळ वर गेलं. पेटीवाल्याने नेहमीसारखं काळी पाचवर बोट ठेवलं, आणि सूर निघाल्यावर त्याने स्वतःच एकदा पेटीकडे पाहिलं. तिनेही ते ओळखलं. आवाज लावण्याआधी ती थांबली. एवढ्या लोकांत तिने पदराखालून सरळ माझ्याकडे बघितलं. थोरल्या दिराच्या डोळ्यांत तिने आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा बघितलं असेल. तिच्या बघण्याचा अर्थ स्पष्ट होता. काही तरी चुकतंय, काय करू?

मी हात वर करून 'खाली धर' म्हणू शकत होतो. मंचावर पट्टी बदलायला क्षणही लागत नाही. माझ्या एका बाजूला भाऊ होता, दुसऱ्या बाजूला आमच्या मंडळाचे तिघे. त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला बसल्या जागी कसं कळलं?

मी मान डोलावली. चालू दे, अशी.

ती गायली. पहिली दोन कडवी तिने कशी ओढली ते तिलाच ठाऊक. मानेच्या शिरा दिसत होत्या. मग तो अंतरा आला आणि वरच्या सुराला तिचा आवाज फाटला. मागून कुणी तरी खुसखुसलं. बाकीच्या बायकांनी चाल पकडून कसाबसा अभंग पुरा केला. ती टाळ मांडीवर ठेवून बसून राहिली.

खाली आल्यावर पेटीवाला म्हणाला, "दादा, त्यांची पेटी चढी हाय का वं? मला बोटाखाली कायतरी येगळंच लागत व्हतं."

मी म्हटलं, "पेटी सगळ्यांना तीच होती."

वाक्य खरं होतं. त्याने मान हलवली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. आजवर मी जेवढं बोललो त्यात ह्या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

येताना जीपमध्ये, घोडेगाव मागे पडल्यावर, धाकटा समोर बघत बायकोबद्दल म्हणाला, "घरी वरडायला बरं जमतं." तो अभिमानाने गेला होता, म्हणून जास्त दुखावला होता. तो वाईट माणूस नव्हता. पण त्या दिवसापासून घरात तिने जरा आवाज चढवला, पोरांना हाक मारली, गाईला हाकललं, तरी तो म्हणायचा, "आली काळी पाच." पोरंही शिकली. आमच्या दोन घरांत एकच भिंत. ते शब्द मला रोज ऐकू यायचे. सुरुवातीला ती उत्तर द्यायची. नंतर तिने आवाज चढवणंच सोडलं. इतकी हळू बोलायला लागली की पोरांना दोनदा विचारावं लागायचं.

बायकांचं मंडळ बंद पडलं. मी मात्र गात राहिलो, पांढरी पाच.

काही वर्षांनी धाकटा गेला. मोटार चालू करायला विहिरीवर गेला आणि तिथेच कोसळला. दहाव्याला तिच्या माहेरच्या लोकांनी भजन ठेवलं होतं. ती आत भिंतीला टेकून बसली होती, आणि एवढ्या ओळखीच्या अभंगांना तिचे ओठसुद्धा हलत नव्हते. मी बाहेर पहिल्या रांगेत टाळ घेऊन उभा होतो. मनात आलं, आता सांगायला भाऊही उरला नाही. आणि लाज वाटते, पण त्यात थोडी सुटकाही होती.

पुढे आमचा पेटीवाला मुलाकडे चाकणला राहायला गेला आणि त्याच्या जागी एक नवा तरुण आला, क्लासला शिकलेला. त्याच्याकडे विजेवर चालणारा तानपुरा होता. सूर लावला की तो डबा न थांबता तोच सूर धरून ठेवायचा. पहिल्याच गुरुवारी त्याने तो पेटीशेजारी ठेवला, दोन्ही वाजवून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ही पेटी दोन पट्ट्या खाली आहे. तुम्ही पांढरी चारला गाताय."

पखवाजवाला म्हणाला, "तरीच पान सैल." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्याच क्षणी सांगता आलं असतं.

मी म्हटलं, "कारागिराने चूक केलेली दिसते. पुण्याचे लोक, काय भरवसा."

लोकांनी मान्य केलं. कुणी तरी म्हणालंही, "तरी पेटी टिकली बघा. निवड चांगली व्हती." पुढच्या महिन्यात पेटी नेऊन सूर जागच्या जागी बसवून आणले, दुसऱ्या दुकानातून. त्या कारागिराने काहीच चूक केली नव्हती. त्याने सांगितलं तसं काम केलं होतं, आणि वर सावधही केलं होतं. त्याचं नाव मी गावात खराब केलं. तेही इथे पुसतो.

देवळातली बातमी घरी आमच्या आधी पोचते. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय माझ्या दारात आली. चौकटीला धरलं नाही, मान खाली घातली नाही.

"भावजी, पेटी खाली व्हती म्हंत्यात. खरं का?"

"व्हय."

"तवापास्नं?"

"तवापास्नं."

"तुमाला म्हाईत व्हतं?"

मी म्हटलं, "न्हाई."

ती म्हणाली, "ह्यांना कळायला पायजे व्हतं," आणि गेली. 'ह्यांना' म्हणजे माझ्या भावाला.

त्या 'न्हाई'नंतर मी गाणं सोडलं. लोकांना वाटलं, वय झालं. त्यानंतर बरीच वर्षं गेली. पेटी विचारायला माणसं येत राहिली, मी भात्याचं आणि कडुलिंबाचं सांगत राहिलो. परवा एक मंडळ येऊन गेलं. पाया पडणाऱ्याने वर बघून म्हटलं, "आबा, तुमच्यासारखं पारखी माणूस न्हाई ह्या भागात." त्या रात्री मी लिहायला बसलो.

इथपर्यंतचं लिहून झाल्यावर मी कागद घेऊन शेजारी गेलो. आता ती माझ्यासमोर खुर्चीवर बसते, वयाने तेवढी सवलत दिली आहे. ओट्यावर लसूण सोलत होती. मी म्हटलं, "हे वाच. मग जे म्हणशील ते." तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि वाचायला लागली. ती बोट ठेवून वाचते. मी समोरच्या शेवग्याकडे बघत बसलो. मंचर आलं असेल, मांडव आला असेल, मान डोलावली ते आलं असेल, असा अंदाज करत होतो. तिचं बोट एका जागी बराच वेळ थांबलं.

वाचून झाल्यावर तिने कागद गुडघ्यावर सारखे केले.

"एक चुकलंय," ती म्हणाली.

"काय?"

"आवाज फाटला लिवलंय तुमी. फाटला न्हवता. मी थांबले."

मी कागदावर ती ओळ शोधली.

"वर जाऊन किंचाळायचं न्हवतं मला. म्हून सूर सोडला. मागं ती एक पोरगी घ्यायला गेली आन् तिचा चिरकला. सगळ्यांनी माजाच ऐकला. तुमीबी."

मी पहिल्या रांगेत होतो. इतकी वर्षं मी तो क्षण मनात वाजवत आलो होतो, आणि त्यात आवाज तिचा फाटायचा. म्हटलं, "खोडून नीट लिहितो."

"नगं. तसंच ऱ्हाऊ द्या. खाली हे लिवा."

म्हणून वरचं खोडलेलं नाही, आणि खाली हे लिहिलं आहे. तिचा आवाज फाटला नव्हता. ती थांबली होती.

माफी मागायची म्हणून मी हात जोडायला गेलो. तिने लसणाचं सूप जवळ ओढलं. "ते मला नगं. ज्यांनी रोज आयकवलं ते गेलं. माज्यापुढं हात जोडून तुमचं भागंल, माजं न्हाई. देवळात वाचा. गुरुवारी. बायकाबी असत्यात आता."

"माझा आवाज आता मागच्यापर्यंत जात नाही," मी म्हटलं. "कुणाला तरी वाचायला देतो."

"दुसऱ्याच्या तोंडून नगं." तिने एक पाकळी सोलून बाजूला टाकली. बोलत होती ते नेहमीच्या दबक्या आवाजात नव्हतं. रस्त्यावरून जाणाऱ्याने मान वळवली. "जेवढा हाय तेवढ्यात वाचा, भावजी. खाली धरा पायजे तर. पण कुठली पट्टी हाय ते आधी सांगून वाचा."